मदत हवी आहे: १६ इंची बॅरलला कार्बाइन की मिड-लेंग्थ गॅस?

नमस्कार मंडळी. माझी एआर-१५ धर्तीची रायफल आहे. बॅरल १६ इंची, गॅस सिस्टिम (गोळीमागचा थोडा गॅस बॅरलमधल्या भोकातून मागे नेऊन रायफल पुन्हा भरणारी यंत्रणा) कार्बाइन लांबीची, म्हणजे गॅसचं भोक चेंबरपासून (जिथे काडतूस बसतं तिथून) साधारण ७ इंचांवर. चालते, अडकत नाही, पण धक्का कोरडा आणि झटक्याचा बसतो. रिकाम्या पुंगळ्या जवळजवळ समोरच्या बाजूला उडतात. काल दहा-बारा गोळा करून पाहिल्या, तर सगळ्यांच्या कडेला एक्स्ट्रॅक्टरने (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याने) ओरबाडलेलं होतं, दोनांची कड चक्क वाकलेली. बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) दाब उतरायच्या आधीच उघडतोय, असं मला वाटतं.

माझा हिशोब असा. एम४ (अमेरिकी लष्कराची याच धर्तीची आखूड रायफल) ची बॅरल १४.५ इंची, गॅस कार्बाइन. भोक ओलांडल्यावर गोळी साधारण साडेसात इंच जाते. माझ्यात ती ९ इंच जाते, म्हणजे गॅस जास्त वेळ ढकलत राहतो. मिड-लेंग्थमध्ये भोक ९ इंचांच्या आसपास, तिथे दाबही उतरलेला असतो आणि पुढे उरतात ७ इंच. जुन्या २० इंची एम१६ मध्येही जवळपास एवढंच उरतं.

पण भोक बॅरलमध्येच असतं, त्यामुळे लांबी बदलायची तर बॅरलच बदलावी लागणार. त्याआधी जड बफर (बोल्टच्या मागे स्प्रिंगसोबत बसणारं वजन) किंवा ॲडजस्टेबल गॅस ब्लॉक (भोकातून येणारा गॅस कमी-जास्त करता येतो तो) लावून भागेल का? दोन्ही वापरलेल्यांनी कृपया सांगा, विशेषतः पुंगळ्यांच्या कडा सुधारल्या का ते. आणि भोकाचा व्यास आधी मोजून घेऊ का?