चर्चा: लांबच्या वाडीला सारखी पॅकेट द्यावीत की सारखा वेळ?

टेकडीवाला: आपलं सामायिक वायरलेस इंटरनेट जाळं: गेटवेपासून (बाहेरच्या इंटरनेटला जोडणाऱ्या ठिकाणापासून) एका ओळीत तीन वाड्या. तिसरीचं पॅकेट (डेटाचा तुकडा) दुसरी आणि पहिलीच्या नोडवरून, म्हणजे पुढे पाठवणाऱ्या यंत्रावरून, येणार. सगळे एकाच चॅनेलवर, एकमेकांच्या सिग्नलला अडथळा होईल इतके जवळ. म्हणजे एका वेळी एकानंच पाठवायचं. माझं मत: तिघींना सारखीच पॅकेट. साध्या वायफायवर सोडलं तर तिसरीच्या हाती फारसं काही लागत नाही. पाटाचं पाणी शेपटाकडून द्यायला घेतात, तसंच इथेही हवं.

हिशेबी: पाटाचा दाखला अपुरा आहे. तिसरीचं एक पॅकेट हवेतले तीन स्लॉट (एकदा पाठवायला लागणारा वेळ म्हणजे एक स्लॉट) खातं, पहिलीचं एकच. १८ स्लॉट घ्या. तुमच्या वाटणीत प्रत्येकी ३, एकूण ९ पॅकेट. त्याऐवजी प्रत्येकीला ६ स्लॉट द्या: ६, ३ आणि २, एकूण ११. (सगळं पहिलीलाच दिलं तर १८, तसं कोणी म्हणत नाहीये.) गणितज्ञ फ्रँक केली यांच्या प्रमाणशीर न्याय्यतेचं (सगळ्यांच्या वाट्यांच्या लॉगॅरिदमची बेरीज सर्वांत मोठी करायची, या नियमाचं) उत्तरही हेच येतं.

टेकडीवाला: ६ विरुद्ध २, आणि याला न्याय म्हणायचं? गेटवे कुठे बसवायचा हे तिसरीला कोणी विचारलं होतं?

रांगेतला: अहो, खरी नासाडी रांगेत होते. तिसरीचं पॅकेट दुसरीपर्यंत पोचलं आणि तिथली रांग भरलेली म्हणून टाकून दिलं, की आधीचा स्लॉट फुकट. तासिउलास आणि एफ्रेमिडिस या संशोधकांनी १९९२ मध्ये यावर उपाय दिला: प्रत्येक लिंकसाठी (दोन नोडांमधल्या जोडणीसाठी) दोन टोकांच्या रांगांमधला फरक गुणिले लिंकचा वेग काढायचा; एकाच वेळी चालू शकणाऱ्या लिंकच्या ज्या संचात या गुणाकारांची बेरीज सर्वांत मोठी, तो संच आधी. जाळ्याला पेलणारी कुठलीही मागणी त्यात पार पडते.

हिशेबी: ‘पेलणारी’ इथेच गोम आहे. संध्याकाळी सगळे व्हिडिओ लावतात तेव्हा मागणी पेलण्यापलीकडेच असते. मग कोणाला किती लगाम, हा प्रश्न परत आलाच. शिवाय तो संच शोधणं एनपी-हार्ड (जाळं मोठं झालं की संगणकालाही आवाक्याबाहेरचं), आणि टप्प्याटप्प्यावर रांग साचू द्यायची म्हणजे उशीर.

रांगेतला: लगाम हवा, मान्य. उशीरही मान्य. पण तीन नोडांच्या ओळीत कसलं आलंय एनपी-हार्ड!

टेकडीवाला: मग फोनवर बोलता येईल एवढा किमान दर आधी तिघींना, उरलेले स्लॉट हिशेबींच्या पद्धतीनं. ते किमान किती, हे मात्र पहिली वाडी ठरवणार नाही.

हिशेबी: सगळ्यांची पॅकेट पुढे ढकलणाऱ्या नोडला छप्पर आणि वीज पहिलीच देते. तिला वगळून ठरवाल, तर एक दिवस ती प्लग काढेल.