दक्षिणमुखी गॅलरी, रिकामे डबे आणि फसलेली भाजी: दोष नेमका कशाचा?

मेथीची जुडी:

नमस्कार. आम्ही सिंहगड रस्त्यालगतच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. दिवाणखान्याला लागून असलेली गॅलरी आठ फूट लांब व साडेतीन फूट रुंद असून तिचे तोंड दक्षिणेला आहे. घरात साठलेले डबे भंगारात देण्याऐवजी त्यांत भाजी लावावी, या विचाराने मी गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस सुरुवात केली. घर रंगवून झाल्यावर राहिलेल्या वीस लिटरच्या चार प्लास्टिकच्या बादल्या, तेलाचे पंधरा किलोचे दोन पत्र्याचे डबे, आइस्क्रीमचे सात-आठ चौकोनी डबे आणि शीतपेयाच्या दोन लिटरच्या बाटल्या, एवढे साहित्य हाताशी होते. बाटल्या आडव्या कापून सुतळीने कठड्याच्या गजांना बाहेरच्या बाजूने टांगल्या. माती सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेतली, काळी.

टोमॅटोची रोपे उंच, काटकुळी आणि पिवळट झाली. एकही फळ धरले नाही. आइस्क्रीमच्या डब्यांतली कोथिंबीर छान उगवली, पण बोटभर झाल्यावर बुडाशी काळी पडून एका रात्रीत आडवी झाली. मेथी मात्र दोनदा खुडली. त्यात एका रविवारी आमच्या बाटल्यांतले मातकट पाणी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर ओघळले, आणि त्यानंतरचे दोन महिने मी जिन्यात त्यांची नजर चुकवत होते. घरच्यांचे मत असे की डब्यांत भाजी होत नसते, सरळ कुंड्या आणाव्यात. दोष डब्यांचा आहे की माझा, हे जाणकारांनी सांगावे. रंगाच्या बादलीत वाढवलेली भाजी खावी की नाही, हीही शंका आहे.

निवृत्त ओव्हरसियर:

ताई, टोमॅटोच्या बाबतीत डबेही निर्दोष आहेत आणि बव्हंशी आपणही. चूक महिन्याची झाली. पुणे साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या मध्याला एके दिवशी भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, ज्याला आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो, आणि तिथपासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे आपण रोपे लावली त्याच सुमारास दक्षिणेच्या गॅलरीतले ऊन निघून गेले होते. त्यावर वरच्या मजल्याच्या गॅलरीचे छत आणि पुढे पावसाचे ढग. टोमॅटोला रोज निदान सहा तास ऊन लागते. ते न मिळाल्यामुळे रोप प्रकाश शोधत नुसते उंच गेले. या परिस्थितीत महागडी कुंडी आणली असती तरी निराळे काही झाले नसते.

आता हीच गॅलरी हिवाळ्यात पाहावी. डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून अवघ्या ४८ अंशांवर असतो आणि ऊन पार आत येते. आपला कठडा गजांचा आहे, ही मोठीच सोय. आमच्याकडे तीन फुटी भरीव भिंत आहे आणि तिची सावली त्या दिवसांत जमिनीवर पावणेतीन फूट आत पडते, त्यामुळे मला सगळे डबे एका जुन्या बाकावर चढवावे लागले. तेव्हा टोमॅटो, मिरची, वांगी यांचे बी गणपतीच्या सुमारास टाकावे, रोपे नवरात्रात मोठ्या बादलीत हलवावीत आणि होळीपर्यंत फळे घ्यावीत. पावसाळ्यात त्या गॅलरीत अळू, पुदिना, गवती चहा व ओव्याची पाने अशी कमी उन्हात तग धरणारी मंडळी ठेवावीत. अळूला तर ओलही चालते.

दुसरा मुद्दा वजनाचा. ओली बागेची माती लिटरमागे पावणेदोन किलोच्या आसपास भरते. म्हणजे काठोकाठ भरलेली आपली एक बादली ३५ किलोची. निवासी इमारतींच्या गॅलऱ्यांसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलो भार धरलेला असतो. आपल्या अडीच चौरस मीटरच्या गॅलरीला चार-सहा बादल्या जड नाहीत, परंतु सगळे ओझे बाहेरच्या कडेला रांगेने न लावता भिंतीच्या बाजूला ठेवावे. इमारत जुनी असेल, स्लॅबच्या खालून गिलावा सुटून गंजलेली सळई दिसत असेल, तर आधी अभियंत्याला दाखवावे आणि मगच बागकाम.

कठड्याच्या बाहेर टांगलेल्या बाटल्या मात्र आजच आत घ्याव्यात. सुतळी उन्हापावसात वर्षभरही टिकत नाही. चादरीवर पाणी पडले, हे थोडक्यात निभावले असे समजावे.

कुंडीवेडी:

उन्हाविषयी काकांनी सांगितले आहे, म्हणून मी फक्त डब्यांकडे वळते. आइस्क्रीमच्या डब्याला भोके किती पाडली होती आणि कशाने? बहुतेक जण तापवलेल्या सुईने चार टोचे मारतात. दुसऱ्याच आठवड्यात ती माती बसून बुजतात आणि डबा तळ्यासारखा भरून राहतो. कोथिंबीर बुडाशी काळी पडून कोलमडली ती अशाच साचलेल्या ओलीत, बुरशीमुळे. भोक निदान करंगळी जाईल एवढे हवे: लहान डब्याला चार, बादलीला सहा, आणि शक्य असल्यास ड्रिलने. तापलेल्या सळईने प्लास्टिक वितळवायचेच असेल, तर धूर नाकात जाणार नाही अशा मोकळ्या जागी करावे. तळाशी दोन इंच खापऱ्या किंवा खडी घालावी, म्हणजे पाणी सहज निघून जाते.

शीतपेयाची बाटली भाजीला मुळीच योग्य नाही. ती पारदर्शक असल्याने आत शेवाळ धरते, माती एका दुपारीत वाळते आणि उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होऊन हाताने उचलताना तुटते. तिचा वरचा भाग कापून नाजूक रोपांवर झाकण म्हणून ठेवावा, एवढाच माझा तिला मान. दुधाच्या पिशव्या मात्र टाकू नयेत. धुऊन, खालचे दोन्ही कोपरे कापून त्यांत मिरची-टोमॅटोची रोपे करावीत. लावताना पिशवी ब्लेडने उभी चिरली की मुळे न दुखावता मातीचा गोळा अलगद निघतो.

पत्र्याचा डबा वर्ष-दोन वर्षांत गंजतो, पण त्याआधीची त्याची खोड म्हणजे तो तापतो. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी तीन वाजता पत्र्याला हात लावून पाहा. मुळे त्याच पत्र्याला टेकलेली असतात. मी डब्याला बारदान गुंडाळते, किंवा बाहेरून चुन्याचा हात देते.

रंगाच्या बादलीविषयी: पाण्यात मिसळणाऱ्या रंगाची असेल, तर उरलेला रंग पूर्ण वाळू द्यावा, पापुद्रा सोलून काढावा, घासून दोन दिवस पाणी भरून ठेवावे आणि मग वापरावी. ऑइल पेंट, टर्पेंटाइन, ॲसिड, फिनाइल किंवा कीटकनाशक यांचे डबे मी फुलझाडांनाही वापरत नाही. घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दहा लाखांत ९० भाग करणारा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यामुळे माळ्यावर त्याआधीच्या बादल्या निघाल्या, तर त्यांत झेंडू लावावा.

पालापाचोळा:

कुंडीवेडीताईंच्या जवळपास प्रत्येक वाक्याशी सहमत आहे. फक्त खडीविषयी नम्र मतभेद नोंदवतो. तळाशी खडी घातल्याने निचरा सुधारतो ही सार्वत्रिक समजूत आहे, परंतु प्रत्यक्षात बारीक मातीतले पाणी खालच्या जाड थरात सहजासहजी उतरत नाही. माती पूर्ण भिजून गच्च होईपर्यंत ते सीमेवरच अडून राहते. परिणामी चिखलाचा थर दोन इंच वर, मुळांच्या जवळ सरकतो, आणि सहा इंची डब्यातली दोन इंच जागा फुकट जाते. भोकावर नारळाच्या शेंडीचा एक झुपका ठेवला, की माती वाहून जात नाही आणि काम भागते.

खरा उपाय मातीत आहे. आपली काळी माती शेतात सोने असली, तरी डब्यात ती पावसाळ्यात लोण्यासारखी चिकट आणि उन्हाळ्यात भेगाळलेली विटेसारखी होते. मी एक भाग लाल माती, एक भाग कंपोस्ट आणि एक भाग धुतलेले कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, घेतो, आणि दर बादलीमागे दोन मुठी निंबोळी पेंड घालतो. कोकोपीट दोन-तीन पाण्यांतून पिळून काढावे, कारण त्यात क्षार असतात. बादलीचा खालचा तिसरा हिस्सा मी वाळलेल्या पानांनी दाबून भरतो. वजन जवळपास निम्म्यावर येते. पाने कुजतात तशी माती खाली बसते आणि वरून भर घालावी लागते, एवढेच. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने, म्हणजे स्वतः प्रयोग करणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटाने, पालापाचोळ्याचे मोल पूर्वीच दाखवून दिले आहे. आपल्या सोसायटीत पाने जाळत असतील, तर तीच पोत्यात भरून मागावीत. पुण्यात ब्राऊन लीफ नावाचा उपक्रम पाने असलेल्यांची आणि हवी असलेल्यांची गाठ घालून देतो.

आता काकूंच्या चादरीविषयी, कारण गॅलरीतली बाग बंद पडते ती बहुधा किडीमुळे नव्हे, शेजाऱ्यांमुळे. आपल्याकडे सारख्या मापाच्या चार बादल्या आहेत, त्यांच्या दोन जोड्या कराव्यात. आतल्या बादलीच्या तळाला मधोमध एक मोठे भोक पाडून त्यातून जुन्या सुती साडीची अंगठ्याएवढी जाड वात ओवावी. वीतभर वर मातीत, वीतभर खाली लोंबती. बाहेरच्या बादलीला तळाचे भोक पाडू नये. तिच्यात एक दहीवड्याचा डबा उपडा ठेवून त्यावर आतली बादली बसवावी, म्हणजे खाली चार बोटे पाण्याची जागा राहते. त्या जागेच्या वरच्या पातळीला, आतल्या बादलीच्या बुडाच्या किंचित खाली, बाहेरच्या बादलीच्या कुशीत एक भोक पाडावे. जादा पाणी तिथून निघते, त्याखाली वाटी ठेवली की झाले. वातीतून माती स्वतःच ओल ओढून घेते. मी चार दिवस गावी जाऊन आलो तरी मिरची टवटवीत होती. दोन बादल्यांमधली फट जुन्या ओढणीने बांधून घ्यावी, अन्यथा तिथे डास अंडी घालतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात आणि पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी अळ्या तपासायला येतात, हे लक्षात असावे. उघड्या ताटल्या-वाट्या तर दर आठवड्याला उपड्या कराव्यातच.

मेथीची जुडी:

सर्वांचे मनापासून आभार. भोके सुईनेच पाडली होती, हे कबूल करते. बाटल्या काल उतरवल्या. दोन सुतळ्या हातात येताच तुटल्या. बादल्या २०२१ च्या असून रंग पाण्याचाच होता. दोन जोड्या करून त्यांत मिरची व टोमॅटो, आइस्क्रीमच्या डब्यांत मेथी आणि थंडीत कोथिंबीर, असे ठरवले आहे. एक शंका: कोथिंबिरीचे धणे वाण्याकडचे चालतील का, आणि वात कुजत नाही का?

कुंडीवेडी:

चालतात, फक्त जुने नसावेत. पोळपाटावर लाटण्याने हलके रगडून प्रत्येक धण्याच्या दोन फोडी कराव्यात, रात्रभर भिजवावे आणि पेरल्यावर आठ-दहा दिवस धीर धरावा. पाचव्या दिवशी उकरून पाहण्याचा मोह मला अजूनही होतो. वात कुजते. माझी सात-आठ महिन्यांत विरली, पण तोपर्यंत टोमॅटोचा हंगाम संपलेला असतो, नवे पीक लावताना बदलावी. आणि खडीविषयी पालापाचोळा यांचे म्हणणे मी दोन सारख्या डब्यांत मेथी लावून ताडून पाहिले. खडीच्या डब्यातली मेथी पिवळी पडली. यंदा खापऱ्या तुळशीच्या कट्ट्याभोवती मांडल्या आहेत.