काका हरून येतात, तरी ‘आज बऱ्याचदा लागलं’ म्हणतात. पोकीज मशीन असं काय करतं?

मेलबर्नची_पुतणी
माझे काका आमच्या घराजवळच राहतात. सगळी नोकरी पुण्यात बँकेत झाली, भाजीचे दोन रुपयेही लिहून ठेवणारा माणूस. काकू गेल्यापासून रोज दुपारी क्लबात पोकीज, म्हणजे पैसे लावून बटण दाबायचं जुगाराचं मशीन, खेळायला जातात. पन्नास डॉलर नेतात, रिकाम्या हाताने येतात आणि म्हणतात, “अगं, आज बऱ्याचदा लागलं.” त्यांना तसं मनापासून वाटतं. मी एकदा शेजारी बसून पाहिलं. मशीन सारखं वाजत होतं आणि शिल्लक उतरत होती. ज्यांनी जन्मभर खाती तपासली त्यांना हे दिसत कसं नाही? टक्केवारी सांगायला गेले तर ती त्यांना माझ्याहून चांगली येते. कोणी या कामात असेल तर कृपया सांगा.

जुना_फ्लोअरवाला
ताई, शिकत असताना आणि नंतरही काही वर्षं मी इथल्या एका पबच्या गेमिंग रूममध्ये कामाला होतो. काकांसारखी माणसं रोज पाहिली आहेत.

एक सेंटचं मशीन, पन्नास लाइन (चिन्हं जुळायच्या ओळी), दर लाइनला एक सेंट, म्हणजे एका दाबाला पन्नास सेंट. एखादी लाइन जुळते, वीस सेंट परत येतात, दिवे लागतात, धून वाजते. गेले तीस सेंट, पण गाजावाजा झाला वीस सेंटचा. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी 2010 मध्ये खेळणाऱ्यांच्या त्वचेवरच्या घामातला बदल मोजला. अशा ‘जिंकण्या’लाही शरीर खऱ्या जिंकण्यासारखाच प्रतिसाद देत होतं. काकांच्या लक्षात राहतात त्या या धुना.

आणि त्या कधी वाजतील याचा नेम नसतो. फर्स्टर आणि स्किनर यांनी कबुतरांवरचे प्रयोग 1957 मध्ये प्रसिद्ध केले. ठरावीक चोची मारल्यावर दाणा मिळत असेल, तर कबूतर दाणा खाऊन जरा थांबतं. चोचींचा आकडा दर वेळी बदलता ठेवला, की ते जवळपास न थांबता टोचत राहतं. दाणे बंद केले तरी बराच वेळ टोचतं. पोकीजमध्येही उठावं असं वाटायला लावणारा टप्पा येतच नाही. मोठ्या जॅकपॉटसाठी बसलेली माणसं मी फार थोडी पाहिली. बाकीच्यांना पुढचा दाब हवा असतो, बस.

थोडक्यात हुकण्याचंही तसंच. ‘डॉल्फिन ट्रेझर’ या मशीनच्या पाचव्या रीळवर (चिन्हांच्या फिरत्या पट्टीवर) आधीच्या चारांपेक्षा जास्त चिन्हं होती, म्हणजे चार जुळून पाचवं हुकण्याची शक्यता दिसते त्याहून जास्त. त्यावरून इथल्या फेडरल कोर्टात खटला झाला आणि 2018 मध्ये फेटाळला गेला. कायद्यात बसतं म्हणून ते योग्य होतं असं मला आजही वाटत नाही.

टक्केवारी काकांना वेगळ्या तऱ्हेने सांगा. आपल्या व्हिक्टोरिया राज्यात मशीनने खेळणाऱ्यांना द्यायचा किमान परतावा 87 टक्के. पन्नास डॉलरवर साडेसहा जातील असा हिशेब ते करत असणार. पण तो परतावा प्रत्येक दाबावर आहे. सहा सेकंदांना एक दाब धरा: तासाला 600 डाव, 300 डॉलरची उलाढाल, सरासरी 39 डॉलर गेले. परत आलेले पैसे पुन्हा पुन्हा लावले जातात ना! बँकेतल्या माणसाला ‘उलाढाल’ म्हटलं की कळेल.

पण नुसतं कळून ते थांबणार नाहीत. इथल्या पोकीजसाठीच्या ‘युअरप्ले’ योजनेमध्ये वेळेची आणि पैशांची मर्यादा आधीच घालून ठेवता येते. बँकेचं कार्ड घरी ठेवू द्या. 2012 पासून या जागांमध्ये एटीएम नाहीत, पण काउंटरवर कार्डाने पैसे मिळतात. मी स्वतः दिलेत. जुगारासाठीच्या मदतवाहिनीवर, 1800 858 858 वर, चोवीस तास बोलता येतं, तुम्हालाही. आणि दुपारी त्यांच्यासोबत कोणीतरी असू द्या. काकूंची वेळ तीच होती का?

गिरणगावकर
आमच्या चाळीत मटक्याने घरं बसलेली पाहिली. पण तिथे ओपन आणि क्लोजच्या, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या आकड्याच्या, मध्ये काही तास जायचे. तेवढ्यात कोणाची बायको यायची, कोणाची शिफ्ट लागायची. सहा सेकंदांत कोण येणार?

औषधवाली
एक विचारते, राग मानू नका. काकांना पार्किन्सनची किंवा रात्री पाय वळवळतात त्यावरची गोळी चालू आहे का? प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या डोपामाइनवर्गीय औषधांनी काही जणांना जुगाराची अनावर ओढ लागते. हा नोंदलेला दुष्परिणाम आहे. डॉक्टरांना न विचारता गोळी बंद मात्र करू नका.

मेलबर्नची_पुतणी
हो, काकू दुपारी त्यांच्यासोबत पत्ते खेळायच्या.
औषधवाली ताई, पार्किन्सन नाही, पण पायांसाठी गोळी आहे. आत्ता डबी पाहिली, प्रामिपेक्सोलच. कधी सुरू झाली ते काकांनाच विचारते आणि उद्या सकाळी जीपीकडे (फॅमिली डॉक्टरांकडे) वेळ घेते. उलाढालीचा कागद करून ठेवलाय, आधी डॉक्टर, मग तो.