अनुभव धागा: फायनल फँटसी सेव्हन पहिल्यांदाच खेळताय?

स्क्वेअरचा हा गेम १९९७ साली तीन डिस्कमध्ये प्लेस्टेशनवर आला. आज तो पीसी, स्विच, मोबाइल सगळीकडे मिळतो. नवे खेळाडू मिडगार शहरातून बाहेर पडले की अडखळतात आणि लेव्हल वाढवत बसतात. तेवढी गरज नसते, कारण इथली खरी ताकद मटेरियाच्या (शस्त्र-चिलखताच्या भोकांत बसवायचे, जादू देणारे गोळे) मांडणीत आहे. जाणकारांनी नेमकं लिहावं: काय कुठे उचलायचं, कशाला काय जोडायचं. कथा मात्र फोडू नका. कशावर खेळता तेही वर लिहा.

*

(मूळ प्लेस्टेशन)

आधी कॉन्फिगमध्ये जाऊन एटीबी (लढाईत वेळ कशी धावते ती पद्धत) ‘वेट’वर ठेवा. मग मॅजिक किंवा आयटमची यादी उघडी असताना वेळ थांबते. ‘ॲक्टिव्ह’मध्ये तुम्ही यादी वाचत असतानाही शत्रू मारत राहतो. बॅटल स्पीडची पट्टीही संथ बाजूला सरकवा.

पहिला बॉस (टप्प्याच्या शेवटचा मोठा शत्रू) गार्ड स्कॉर्पियन. एचपी (जीवशक्ती) ८००, विजेला कच्चा. नायक क्लाउडकडे विजेचा मटेरिया सुरुवातीपासून असतो, म्हणून त्याने बोल्ट (विजेची जादू) टाकत राहायचं आणि साथीदार बॅरेटने गोळ्या झाडायच्या. शेपटी वर गेली की दोघांनीही हात आखडायचा. त्या वेळी पडद्यावर येणारी वाक्यं ‘आत्ताच मारा’ अशी वाचली जातात, पण तेव्हा मारलं तर टेल लेसर दोघांवर येतो. शेपटी वर असेपर्यंत पोशन (एचपी भरणारं औषध) वापरून घ्या.

बॉसच्या अलीकडे रिॲक्टरपाशी जमिनीवर रिस्टोर (एचपी भरून देणारा) मटेरिया पडलेला असतो. तो उचललाच पाहिजे. बॉसनंतर दहा मिनिटांचं घड्याळ सुरू होतं. पळताना वाटेत साथीदार जेसीचा पाय अडकलेला दिसेल, तिच्याशी बोलून तिला सोडवा. ती सोबत नसेल तर पुढचं दार उघडत नाही.

*

(पीसी)

रांगेबद्दल कुणीच नीट सांगत नाही. मेनूतल्या ऑर्डरमधून पात्र मागच्या रांगेत नेलं की त्याला बसणारा शारीरिक मार निम्मा होतो, पण तलवार किंवा मुठीने त्याने दिलेला मारही निम्माच होतो. जादूला रांगेचा फरक पडत नाही. म्हणून जादू टाकणारं पात्र मागेच ठेवा. बॅरेटची बंदूक लांब पल्ल्याची, तोही मागे उभा राहून पूर्ण मार देतो. मात्र शत्रूने पाठीमागून गाठलं तर रांगा उलट होतात, तेव्हा मागचे पुढे येतात.

*

(स्विच)

मांडणीचा गाभा म्हणजे जोडलेली भोकं. शस्त्रावर किंवा चिलखतावर दोन भोकांमध्ये रेघ दिसली तर ती जोडी. सेक्टर ७ मधल्या बिगिनर्स हॉलमध्ये ऑल मटेरिया मिळतो. तो एका भोकात आणि शेजारच्या जोडभोकात रिस्टोर, एवढं केलं की एका खेपेत तिघांची मलमपट्टी होते. पहिल्या पातळीचा ऑल एका लढाईत एकदाच चालतो, पुढच्या खेपेला जादू एकट्यालाच लागते. त्यामुळे पहिल्या ओरखड्यावर तो खर्चू नका.

सगळी जादू एकाच पात्रावर लादू नका. आग, बर्फ, वीज यांचा प्रत्येक मटेरिया कमाल एचपी २ टक्क्यांनी घटवतो आणि एमपी (जादूसाठी खर्च होणारी शक्ती) तेवढ्याच टक्क्यांनी वाढवतो. पाचसहा लावलेत की ते पात्र एका फटक्यात आडवं होतं.

शस्त्र निवडताना नुसता हल्ल्याचा आकडा पाहू नका, ‘ग्रोथ’ही वाचा. तिथे ‘डबल’ असेल तर मटेरिया दुप्पट वेगाने पिकतो, ‘नथिंग’ असेल तर अजिबात नाही. पूर्ण पिकलेला मटेरिया स्वतःसारखाच एक नवा जन्माला घालतो. पूर्ण पिकलेला ऑल तर १४ लाख गिलला (गेममधलं चलन) विकला जातो, म्हणून कच्चा ऑल किरकोळीत काढू नका.

*

(मूळ प्लेस्टेशन)

शिनरा कंपनीच्या इमारतीत दोन गोष्टी सोडू नका. महापौर डोमिनोचा परवलीचा शब्द पहिल्याच प्रयत्नात ओळखला तर एलिमेंटल (जोडलेल्या जादूचा गुण शस्त्राला किंवा चिलखताला देणारा) मटेरिया मिळतो. होजोच्या प्रयोगशाळेतल्या बॉसनंतर एनिमी स्किल मटेरिया तिथेच पडलेला असतो. शत्रूचा ठरावीक हल्ला अंगावर घेतला की हा मटेरिया तो शिकतो. मिडगारच्या बाहेर कस्टम स्वीपर भेटतो, त्याच्याकडून मॅट्रा मॅजिक घ्या: थोड्या एमपीत सगळ्या शत्रूंना मार.

दलदलीतला मिडगार झोलोम नवख्यांना गिळतो. ४००० एचपीच्या त्या सापाशी लढायचं नाही, चोकोबोवर (स्वारीचा मोठा पक्षी) बसून दलदल ओलांडायची. चोकोबो फार्मवर चोकोबो लूर मटेरिया २००० गिलला मिळतो. तो लावा, सोबत १०० गिलची गायसाल भाजी घ्या आणि जमिनीवर पावलांचे ठसे दिसतात तिथे फिरा. चोकोबोला भाजी घाला, बाकीचे शत्रू मारा. चोकोबोलाच मारलंत तर तो पळतो. पलीकडे उतरल्यावरही तो निघून जातो, मध्येच उतरू नका.

पुढे झोलोमचा ‘बेटा’ नावाचा हल्ला एनिमी स्किलने शिकायचा असेल तर चिलखताच्या जोडभोकांत एलिमेंटल आणि फायर लावा. बेटा आगीचा आहे, मार निम्म्यावर येतो.

*

(पीएस फोर)

नव्या आवृत्तीत लढाया बंद करायची सोय आहे. रस्ता चुकलात तर जरूर वापरा, पण ती कायम चालू ठेवली तर मटेरिया कच्चा राहतो आणि पुढचा बॉस जड जातो. तिप्पट वेग मात्र खुशाल वापरा.

*

(मोबाइल)

लिमिटबद्दल (मार खाऊन पट्टी भरली की मिळणारा खास हल्ला) राहिलं. भरलेली पट्टी लढाई संपल्यावरही टिकते, म्हणून बॉसच्या दाराशी ती भरून जा. भरल्यावर साध्या हल्ल्याच्या जागी लिमिट येतं, बॉस येईपर्यंत जादू आणि आयटमवर भागवा. क्लाउडने ब्रेव्हर (त्याचं पहिलं लिमिट) आठदा वापरला की क्रॉस-स्लॅश मिळतो. दुसरी पातळी त्याने स्वतः १२० शत्रू मारल्यावर उघडते. एकाच पात्राला सगळे बळी देत राहिलात तर बाकीच्यांची लिमिटं मागे पडतात.