भूमिगत, गुप्त की बर्फाखालचा? युरोपाच्या महासागराला काय म्हणावं

शाळेच्या विज्ञान मंडळासाठी गुरूच्या युरोपा या चंद्रावर मराठीत भित्तिपत्रक करते आहे. युरोपाच्या बर्फाखाली खारं पाणी आहे आणि ते पृथ्वीवरच्या सगळ्या महासागरांच्या साधारण दुप्पट असावं, असा अंदाज आहे. त्याला 'भूमिगत महासागर' म्हटलं तर चालेल का? 'गुप्त', 'लपलेला', 'अंतर्गत' हेही सुचलेत. शिवाय 'भरती-ओहोटीमुळे निर्माण होणारी उष्णता' याला सुटसुटीत शब्द आहे का?

प्रतिसाद १

ताई, 'भूमिगत' नका घेऊ. भूमिगत म्हटलं की १९४२चे कार्यकर्ते आठवतात, नाहीतर गटारं. आणि त्यात 'भूमी' आहे. युरोपावर पाण्याच्या डोक्यावर भूमी नाही, बर्फाचं कवच आहे, अंदाजे १५ ते २५ किलोमीटर जाडीचं. खडक आहे तो पाण्याच्या तळाशी. 'अंतर्गत समुद्र' वाचून मुलं कॅस्पियनसारखा जमिनीने वेढलेला समुद्र डोळ्यांपुढे आणतील. 'लपलेला' आणि 'छुपा' यांत लपणाऱ्याचा हेतू डोकावतो.

'गुप्त' मात्र मला मनापासून आवडतो. प्रयागला सरस्वती गुप्त आहे म्हणतात; दिसत नाही, तरी संगमात तिची मोजदाद होते. फरक एवढाच की युरोपाचं पाणी श्रद्धेने नाही, चुंबकमापकाने ओळखलं. गुरूचं चुंबकीय क्षेत्र कललेलं आहे आणि गुरू सुमारे १० तासांत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे युरोपाजवळ ते क्षेत्र सारखं हेलकावतं. गॅलिलिओ यानाला दिसलं की युरोपाच्या आतूनही त्याला प्रतिसाद मिळतोय. जानेवारी २०००मध्ये यान जवळून गेलं तेव्हा बाहेरच्या क्षेत्राबरोबर या प्रतिसादाचीही दिशा पालटलेली होती. आत वीज वाहून नेणारा थर असल्याशिवाय असं होत नाही, आणि खारं पाणी ते काम चोख करतं. म्हणून मथळ्यात 'गुप्त महासागर' द्या, मजकुरात सरळ 'बर्फाखालचा महासागर'. 'हिमाखालचा' म्हटलं तर भुरभुरणारं हिम मनात येतं.

प्रतिसाद २

मी कोकणातला, म्हणून भरतीबद्दल लिहितो. आमच्याकडे अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, अष्टमीच्या आसपास भांगाची. दोन्हींत पाणी किनाऱ्यावर चढतं आणि उतरतं. युरोपाला किनाराच नाही. त्याची एकच बाजू कायम गुरूकडे असते, पण कक्षा किंचित लांबट असल्याने साडेतीन दिवसांच्या फेरीत तो गुरूच्या थोडा जवळ जातो, थोडा लांब. त्या ओढीने सगळा चंद्रच ताणला जातो आणि सैल पडतो. खाली पाणी असेल तर बर्फाचा पृष्ठभाग सुमारे ३० मीटर वर-खाली होत असावा. आत सगळं घट्ट असतं तर जेमतेम मीटरभर हलला असता. तार पुन्हा पुन्हा वाकवली की गरम होते, तशी ही उष्णता. आयो आणि गॅनिमीड हे गुरूचे आणखी दोन चंद्र; आयोच्या चार फेऱ्या होतात तेव्हा युरोपाच्या दोन आणि गॅनिमीडची एक, या तालामुळे कक्षा गोल होऊन स्थिरावत नाही.

नाम म्हणून 'भरतीजन्य उष्णता' ठीक आहे. पण मुलांसाठी क्रियापद द्या: गुरू युरोपाला कणकेसारखा तिंबतो. 'तिंबणे' शहरात फारसं ऐकू येत नाही, इथे ते नेमकं बसतं.

प्रतिसाद ३

किनारा नाही यावरून आठवलं. 'पार' म्हणजे पैलतीर, म्हणून 'अपार'. 'पारावार' म्हणजे दोन्ही तीर. आनंदाला पारावार उरत नाही तो त्यामुळे. पृथ्वीवरच्या समुद्रांना आपण अपार म्हणतो, पण त्यांना तीर असतोच. युरोपाचं पाणी मात्र शब्दशः अपार आहे.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. मथळा 'गुरूच्या अंगणातला गुप्त महासागर', आत 'बर्फाखालचा' आणि 'तिंबतो'. 'अपार'साठी वेगळी चौकट करते. आता शनीच्या एन्सेलॅडस या चंद्रावर अडले आहे. त्याच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भेगांतून पाण्याची वाफ आणि बर्फाचे कण उसळतात, कॅसिनी यानाने ते २००५मध्ये टिपलं. 'कारंजी' म्हणू की 'फवारे'? कारंजं म्हटलं की पाणी परत खाली पडणार, आणि इथे त्यातलं काही शनीच्या 'ई' नावाच्या कड्यात (वलयात) जाऊन मिसळतं.