‘फरक पडला ना, मग झालं!’ हे मला पटत नाही

गंगापूररोडची_बाई
काल इथे एका पालकांनी लिहिलं, स्मरणशक्तीच्या क्लासमुळे मुलाची एकाग्रता वाढली. कोणीतरी ‘हा प्लासिबो असेल’ म्हणालं, म्हणजे उपायाचा नाही, नुसत्या विश्वासाचा परिणाम, तर त्यांचं उत्तर, ‘असला तरी काय बिघडलं, फरक पडला ना!’ खाली सगळ्यांच्या माना डोलल्या. मी मानसशास्त्र शिकवते, म्हणून सविस्तर लिहिते.

औषधाच्या चाचणीत खरी गोळी कोणाला आणि खोटी कोणाला, हे रुग्णालाही कळू देत नाहीत, देणाऱ्यालाही नाही. मानसशास्त्राच्या प्रयोगात नेमकं तेच अडतं. बुद्धी वाढावी म्हणून कोडी सोडवणाऱ्याला आपण कोडी सोडवतोय हे कळतंच. तो सुधारण्याची आशा धरून बसतो. तुलनेसाठी घरी ठेवलेला माणूस कशाची आशा धरणार? मग दिसलेला फरक कोड्यांचा की आशेचा? 2016 साली अमेरिकेत फरोगी आणि सहकाऱ्यांनी हेच तपासलं. एका जाहिरातीत बुद्धी वाढेल असं सुचवलं, दुसरीत तसं काहीच नाही. दोन्हीकडून 25-25 जण आले. सराव तोच, तासभराचा. पहिल्या गटाचे बुद्ध्यंक चाचणीतले गुण 5 ते 10 ने वाढले, दुसऱ्याचे वाढले नाहीत. तासाभरात बुद्धी वाढते का हो कोणाची? आणि आपल्याकडचे क्लासवाले आधी आशा लावतात, मग फी घेतात, शेवटी परीक्षाही स्वतःच घेतात.

सिडकोचा_बाप
तो पालक मीच. ताई, तुमचे 25-25 जण तुमच्यापाशी. माझा पोरगा पूर्वी पुस्तक उघडून खिडकीबाहेर बघत बसायचा, आता धडा संपवून उठतो. हे मी रोज डोळ्यांनी बघतो. आणि प्लासिबोने 35 टक्के लोकांना गुण येतो, हे बीचर नावाच्या डॉक्टरने 1955 सालीच लिहून ठेवलंय. मग त्याला एवढं हिणवता कशाला?

गंगापूररोडची_बाई
हिणवत नाही, हिशोब मागतेय. बीचरच्या आकड्यात आपोआप बरे होणारेही मोजले गेले. काहीच न दिलेला गट शेजारी ठेवल्याशिवाय गोळीचं श्रेय किती ते कसं कळणार? 2001 साली ह्रोब्यार्टसन आणि गोट्शे यांनी असा गट असलेल्या 114 चाचण्या तपासल्या. वेदनेत थोडा फरक दिसला, बाकी फारसं काही हाती लागलं नाही. तुमचा मुलगा वर्षभराने मोठा झाला, तुम्ही त्याच्याजवळ बसायला लागलात, हे कुठे धरलंत?

पंचवटीचा_कंपाउंडर
आमच्या दवाखान्यात खेड्यावरून आलेली माणसं सुई टोचल्याशिवाय उठायची नाहीत. डॉक्टर बी कॉम्प्लेक्स द्यायचे. पिवळं पाणी सिरिंजमध्ये चढताना बघूनच म्हाताऱ्यांचा चेहरा खुलायचा. ते काय खोटं होतं?

औषधवाला_सातपूर
खोटं नव्हतं. 1978 साली दाढ काढलेल्या रुग्णांवर प्रयोग झाला. खोट्या औषधाने थांबलेली कळ नॅलोक्सोन, म्हणजे मॉर्फिनसारख्या वेदनाशामकांचा परिणाम रोखणारं औषध, दिल्यावर परत वाढली. म्हणजे मेंदू स्वतःचं वेदनाशामक सोडत होता. पण 2011 चा दम्याचा प्रयोगही वाचा. ‘बरं वाटतंय का’ विचारलं तर खरा पंप आणि खोटा पंप जवळपास सारखेच. यंत्रात फुंकायला लावलं तर खऱ्याने 20 टक्के सुधारणा, खोट्याने 7 च्या आसपास. माझी आत्या पुडीवर ‘बरं वाटतंय’ म्हणत राहिली आणि एका रात्री तिला ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. त्यामुळे ‘काय बिघडलं’ हे माझ्यासमोर बोलू नका.

दिंडोरीचा_बागाईतदार
माणसांचं तुम्ही बघा. द्राक्षबागेला कुठे विश्वास असतो? टॉनिक मारलं की मण्यांची फुगवण दिसते. झाडाला प्लासिबो लागत नाही, एवढं तरी मान्य करा.

निफाडची_कृषीवाली
भाऊ, झाडाला लागत नाही, बघणाऱ्याला लागतो! जीएचं (जिबरेलिक ॲसिडचं) सोडा, ते वाढ घडवणारं संजीवक आहे, त्याने मणी लांबतो. टॉनिकचं सांगा. एक तरी ओळ बिनफवारणीची ठेवली होती का?

दिंडोरीचा_बागाईतदार
ओळ सोडायची आणि माल बारीक निघाला की व्यापारी दर पाडणार. भरपाई तुम्ही देणार? पुस्तकं वाचून आम्हाला शेती शिकवू नका.

निफाडची_कृषीवाली
माझ्या वडिलांची बाग आहे, दुकानदाराची उधारी आम्हीही फेडतो. म्हणूनच जीव तुटतो! दुकानदार बाटली देतो, तोच बागेत येऊन ‘बघा, साईज आली’ म्हणतो, आणि आपल्यालाही ती दिसायला लागते.

गंगापूररोडची_बाई
1963 सालच्या, रोझेन्थाल या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगात हेच झालं. उंदीर सारखेच, पण काही विद्यार्थ्यांना ‘तुमचे हुशार आहेत’ असं सांगितलं, आणि त्यांचेच उंदीर भुलभुलैयात सरस ठरले.

दिंडोरीचा_बागाईतदार
माझ्या बागेत उंदीर आणू नका. बरं, येत्या गोडी छाटणीनंतर (फळ धरण्यासाठीच्या छाटणीनंतर) दोन ओळी बिनफवारणीच्या सोडतो. मणी व्हर्नियरने मोजतो.

निफाडची_कृषीवाली
मोजायला दुसऱ्याला लावा. कोणती ओळ कोणती, हे त्याला सांगू नका.

सिडकोचा_बाप
क्लास सोडणार नाही, फी भरलीय. पण परीक्षा शाळेतल्या बाईंना घ्यायला सांगतो, क्लासचं नाव न काढता. तेवढंच मान्य.

गंगापूररोडची_बाई
आणि क्लासला न जाणाऱ्या, त्याच्याच वर्गातल्या काही मुलांचीही घ्यायला सांगा. एकट्याचे गुण बघून काही कळणार नाही.

दिंडोरीचा_बागाईतदार
ते ठरवा तुम्ही. त्या दोन ओळींत साईज सारखीच निघाली, तर टॉनिकचे पैसे दुकानदाराकडून परत कसे घ्यायचे, ते सांगा आधी.