'प्लक' या इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द : मदत हवी आहे

इंग्रजी-मराठी कोशातल्या 'प्लक' या नामाच्या नोंदीसाठी प्रतिशब्द हवा आहे. 'धैर्य', 'शौर्य' चालणार नाहीत, ते फार भारदस्त आहेत. 'प्लक' म्हणजे ताकद कमी, समोरचा वरचढ, तरी माघार न घेणं.

व्युत्पत्ती अशी: मूळ क्रियापद जुन्या इंग्रजीतलं, अर्थ ओढणं, उपटणं (पिसं उपटणं, तारा छेडणं हे त्याचेच उपयोग). कापलेल्या जनावराचं हृदय, यकृत आणि फुप्फुसं एकत्र ओढून काढतात, म्हणून खाटकांच्या भाषेत त्या जुडग्याला 'प्लक' म्हणू लागले. त्यावरून १८ व्या शतकाच्या उत्तरार्धात मुष्टियोद्ध्यांच्या बोलीत 'हिंमत' हा अर्थ आला. तेव्हा तो गावठी शब्द होता, सभ्य झाला तो नंतर. 'करेज'सुद्धा हृदयावरूनच, लॅटिन 'कोर'पासून आला. पण तो फ्रेंचमधून आल्यामुळे पहिल्यापासून प्रतिष्ठित!

गोंधळ होतो तो 'प्लक अप करेज'मुळे. तिथे 'प्लक' क्रियापद आहे, म्हणजे हिंमत एकवटणं. हा प्रयोग नामाच्या 'हिंमत' या अर्थाहून बराच जुना, त्यामुळे दोन्ही एकाच नोंदीत कोंबता येत नाहीत.

आता प्रश्न. फारसीत 'जिगर' म्हणजे यकृत, म्हणून 'जिगर' मुळाशी चपखल बसतो. पण 'जिगरबाज'मध्ये बेधडकपणा जास्त, चिवटपणा कमी वाटतो. 'धमक'मध्ये कुवतीची छटा येते, आणि इथे तर कुवतच तोकडी आहे. 'वाघाचं काळीज' सुंदर, पण नोंदीत एकच शब्द हवा. बोलीभाषेतला एखादा नेमका शब्द वापरात असेल तर उदाहरणाच्या वाक्यासह सुचवा.